सूक्ष्म अपृष्ठवंशी प्राण्यांची डीएनए-आधारित पाहणी

पाठीचा कणा नसलेल्या व साधारणपणे काही मिलिमीटरांहून लहान असलेल्या प्राण्यांच्या जाती त्यांच्या शरीररचनेबरोबरच त्यांच्या कोशिकांतील (पेशींतील) डीएनएच्या ठराविक तुकड्यावरून ओळखणे आणि त्यांवरून एखाद्या प्रदेशातील प्राणिजाताची नोंद करणे, यास सूक्ष्म अपृष्ठवंशी प्राण्यांची डीएनए-आधारित पाहणी असे म्हणतात. गोड्या पाण्यातील जलपिसवा, सायक्लॉप्स, ऑस्ट्रॅकोडा व रोटिफेरा, मातीतील स्प्रिंगटेल व माइट, शेवाळावरील टार्डिग्रेडा, तसेच असंख्य लहान कीटक व गोगलगायी या पाहणीच्या कक्षेत येतात. प्राणिसृष्टीतील बहुतेक जाती अपृष्ठवंशी असून एकट्या कीटकांच्याच सु. १० लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. तरीही ज्या जातींना नाव नाही त्यांची संख्या याहून पुष्कळ मोठी असावी, असे तज्ञ मानतात. प्राणी जितका लहान तितके त्याच्याविषयीचे अज्ञान मोठे, अशी स्थिती आहे.

पारंपरिक वर्गीकरण शरीररचनेवर आधारलेले आहे. जलपिसवाची जाती ठरविताना तिच्या पश्चोदरावरील काटे, शृंगिकेवरील केस व डोक्याचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. सायक्लॉप्सच्या बाबतीत पायांच्या पाचव्या जोडीची रचना निर्णायक ठरते. या कामास प्रदीर्घ अभ्यास लागतो आणि एकेका गटाचे जाणकार जगभरात मोजकेच असतात. अपक्व पिले, अंडी, तुटलेले नमुने व काही गटांतील माद्या यांची ओळख अशा रीतीने पटतच नाही. शिवाय बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पण आपसांत संकर न होणाऱ्या जातीही निसर्गात असतात. त्यांना गूढ जाती म्हणतात. या अडचणींवर उपाय म्हणून डीएनएचा उपयोग पुढे आला.

तत्त्व व इतिहास : डीएनए रेणूतील माहिती चार क्षारकांच्या क्रमात साठविलेली असते [→ न्यूक्लिइक अम्ले]. एकाच जातीच्या व्यक्तींत हा क्रम जवळजवळ सारखा असतो आणि दोन जातींत काळाच्या ओघात साठलेले बदल आढळतात. प्राण्यांच्या ओळखीसाठी बहुधा कलकणूंतील (कोशिकेत ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म कणांतील) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या एंझाइमाच्या पहिल्या उपएककाचा जीन निवडतात. याची कारणे व्यावहारिक आहेत. एका कोशिकेत कलकणूंतील डीएनएच्या प्रती शेकडोंनी असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्यापासूनही पुरेसे द्रव्य मिळते. हा जीन बहुतेक सर्व प्राण्यांत असतो आणि जवळच्या जाती वेगळ्या करता येतील इतक्या वेगाने तो बदलतो.

फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये क्षारकक्रम वाचण्याची सुलभ पद्धती दिली. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी पॉलिमरेज शृंखला विक्रिया शोधून काढली. तिच्यामुळे डीएनएच्या लेशमात्र अंशापासून कोट्यवधी प्रती तयार करणे शक्य झाले. या शोधाबद्दल त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९९४ मध्ये फोल्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अपृष्ठवंशी संघांना लागू पडणारे आरंभक (प्रतिकरण जेथून सुरू होते ते डीएनएचे आखूड तुकडे) प्रसिद्ध केले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सर्व प्राण्यांसाठी या जीनचा सु. ६५० क्षारकांचा एकच तुकडा ओळखचिन्ह म्हणून वापरावा, अशी सूचना केली. दुकानातील मालावरील पट्ट्यांच्या चिन्हाशी साम्य कल्पून त्यास ‘डीएनए बारकोड’ हे नाव पडले.

या पद्धतीच्या सामर्थ्याचा गाजलेला दाखला कोस्टा रीकातील आहे. तेथे १७७५ पासून एकच समजल्या गेलेल्या ॲस्ट्राप्टीस फुल्जरेटर या फुलपाखराचे सुरवंट वेगवेगळ्या वनस्पतींवर वाढत असल्याचे दीर्घ निरीक्षणात दिसून आले होते. बारकोडाची जोड मिळाल्यावर २००४ मध्ये त्यात दहा जाती असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेमका आकडा किती, यावर पुढे वाद झाला. परंतु एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असू शकतात, हे त्यावरून सर्वांच्या लक्षात आले.

मावळ व लोणावळा परिसर : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेला मावळ तालुका अशा पाहणीसाठी विशेष अनुकूल आहे. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही त्याची पारंपरिक खोरी असून इंद्रायणी, पवना व त्यांच्या उपनद्यांनी ती घडविली आहेत. लोणावळे समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे तळेगावपर्यंतच्या सु. ३० किमी. च्या अंतरात त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. त्यामुळे थोड्या क्षेत्रात ओल्या व कोरड्या हवामानाचे अनेक टप्पे एकापुढे एक आढळतात.

येथील जलाधिवास नाना प्रकारचे आहेत. पठारांच्या काळ्या कातळावर पावसाळ्यात उथळ खळगे भरतात. काही बोटे खोल असलेल्या या पाण्याचे तापमान दिवसा चढते व रात्री उतरते आणि दिवाळीच्या सुमारास बहुतेक खळगे कोरडे पडतात. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग व राजमाची या किल्ल्यांवरील खोदीव टाकी, तसेच कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांच्या पोढी यांत मात्र पुष्कळदा वर्षभर पाणी असते. त्यांतील काही सु. दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली आहेत. वळवण व शिरोता येथील तलाव खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रासाठी बांधले गेले व ते केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय, भुशी व तुंगार्ली येथील लहान जलाशय, भातखाचरे, ओहोळ, धबधब्यांचे ओले कडे आणि देवरायांतील पालापाचोळ्याचे जाड थर हे इतर अधिवास होत. कातळावरील खळग्यातील प्राणिजात व त्यापासून हाकेच्या अंतरावरील टाक्यातील प्राणिजात सारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही. एकातील प्राण्यांना दरवर्षी आठ महिने कोरडे राहणे सोसावे लागते, तर दुसऱ्यातील प्राण्यांना मासे व बेडूकमासे यांपासून बचाव करावा लागतो.

नमुने गोळा करणे : पाण्यातील प्राणी सु. ०·१५ मिमी. छिद्रांच्या जाळीने व रोटिफेरांसारखे अधिक लहान प्राणी सु. ०·०५ मिमी. छिद्रांच्या जाळीने गाळून घेतात. मातीतील प्राण्यांसाठी इटालियन कीटकशास्त्रज्ञ आंतोन्यो बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये योजिलेले नरसाळे वापरतात. वरून उष्णता दिल्यावर माती वाळत जाते, प्राणी ओलाव्याकडे खाली सरकतात आणि शेवटी खालच्या बाटलीत पडतात. उडत्या कीटकांसाठी स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रने मलेझ यांच्या नावाने ओळखला जाणारा तंबूसारखा सापळा लावतात. पूर्वी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवीत. त्यामुळे शरीराचा आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. म्हणून आता ९५ टक्के वा त्याहून तीव्र अल्कोहॉल वापरतात व बाटल्या थंड जागी ठेवतात. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांपासून डीएनए मिळविणे अवघड जाते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

हंगामी डबक्यांच्या बाबतीत आणखी एक मार्ग उपलब्ध असतो. त्यांतील अनेक कवचधारी प्राणी जाड आवरणाची सुप्त अंडी घालतात व ती तळाच्या गाळात वर्षानुवर्षे टिकतात. उन्हाळ्यात कोरड्या खळग्यातील मूठभर माती आणून ती पाण्यात भिजविली, तर काही दिवसांत त्यातून प्राणी बाहेर पडतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी एकोणिसाव्या शतकातच ऑस्ट्रेलियातून मागविलेल्या वाळलेल्या चिखलातून अशा रीतीने प्राणी वाढवून त्यांचा अभ्यास केला होता. सुप्त अंड्यांपासून थेट डीएनए मिळविणेही आता शक्य आहे.

प्रयोगशाळेतील कार्यपद्धती : नमुन्यातील प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून प्रत्येकाचे छायाचित्र घेतात व त्यास क्रमांक देतात. मोठ्या कीटकाचा एखादा पाय पुरतो. सूक्ष्म प्राण्याचे मात्र संपूर्ण शरीर सौम्य अल्कली विद्रावात अथवा एंझाइमाच्या विद्रावात भिजवावे लागते. काळजी घेतल्यास बाह्य कवच शाबूत राहते व ते काचपट्टीवर बसवून साक्षी नमुना म्हणून जपता येते. नंतर शृंखला विक्रियेने निवडलेल्या जीनच्या प्रती वाढवितात, क्षारकक्रम वाचतात व तो सार्वजनिक संग्रहातील क्रमांशी ताडून पाहतात. जुळणारा क्रम सापडल्यास नाव मिळते. न सापडल्यास तो क्रम अनामिक गट म्हणून नोंदवितात व पुढील अभ्यासासाठी राखून ठेवतात.

संपूर्ण नमुना एकत्र वाटून त्यातील सर्व प्राण्यांचे बारकोड एकाच वेळी वाचण्याच्या पद्धतीस समूह-बारकोडन म्हणतात. पाण्यात वा मातीत प्राण्यांनी मागे सोडलेल्या डीएनएच्या अंशांवरूनही (पर्यावरणीय डीएनएवरून) त्यांच्या अस्तित्वाचा मागोवा घेता येतो. या पद्धतींनी थोड्या वेळात मोठ्या क्षेत्राची पाहणी होते. परंतु त्यात प्राण्याचे शरीर हाती राहत नाही आणि मिळालेल्या क्रमांवरून प्राण्यांची संख्या विश्वासाने सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरण : नावाचा व डीएनएचा संबंध किती नाजूक असतो, हे सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी या प्राण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. काही मिलिमीटर लांबीच्या या कवचधारी प्राण्याचे शरीर शिंपल्यासारख्या गोल, पारदर्शक, दोन झडपांच्या कवचात सामावलेले असते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी तो नागपूर येथे गोळा केला. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले व त्यास संग्राहकाचे नाव दिले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालयही याच मिशनऱ्याच्या नावाने ओळखले जाते. सार्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या चिखलातून वाढविलेला प्राणी हाच असल्याचे मानले व १८८७ मध्ये त्यासाठी सायक्लेस्थेरिया हा स्वतंत्र वंश स्थापिला. पुढे उष्ण कटिबंधातील दूरदूरच्या प्रदेशांतून त्याच्या नोंदी झाल्या व तो जगभर पसरलेली एकच जाती म्हणून ग्रंथांत रूढ झाला. त्याची पिले मादीच्या कवचाखालीच वाढून प्रौढाच्या लहान प्रतिकृतीच्या रूपात बाहेर पडतात. या व इतर लक्षणांवरून तो जलपिसवांचा अत्यंत जवळचा नातेवाईक ठरतो. त्यामुळे उत्क्रांतीच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे.

२०१३ मध्ये मार्टिन श्वेंटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह निरनिराळ्या प्रदेशांतील नमुन्यांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. पुण्याचे संशोधक समीर पाध्ये हे या गटात होते. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या प्राण्यांत अनेक गूढ जाती असून त्यांचा वियोग क्रिटेशस काळापर्यंत (सु. १४·५ ते ६·६ कोटी वर्षांपूर्वी) मागे जातो, असे त्यांना आढळले. सह्याद्रीचा बेसाल्ट खडक ज्या लाव्हाच्या उद्रेकांतून तयार झाला ते उद्रेक क्रिटेशस काळाच्या अखेरीचे आहेत. म्हणजे या प्राण्यांच्या काही शाखा मावळातील डोंगर घडण्याच्या आधीच एकमेकींपासून वेगळ्या झाल्या असाव्यात. एवढ्या प्रदीर्घ काळात त्यांच्या बाह्य रूपात ओळखण्याजोगा फरक पडला नाही.

या निष्कर्षामुळे नावाचा प्रश्न उभा राहतो. प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार एका नावाचे अनेक जातींत विभाजन झाल्यास मूळ नाव ज्या नमुन्यावर आधारले आहे त्या जातीकडेच राहते. त्यामुळे ‘हिस्लॉपी’ हे नाव नागपूरच्या प्राण्याचे होय. जगातील इतर शाखांची नावे ठरविण्यापूर्वी नागपूरच्या प्राण्याचे स्वरूप नक्की माहीत असणे आवश्यक आहे. दीडशे वर्षांहून जुन्या नमुन्यांतील डीएनए वाचता येईलच असे नाही. अशा वेळी मूळ ठिकाणाहून ताजा नमुना मिळविणे हाच मार्ग उरतो. शहरांच्या वाढीत मूळ तळी बुजली असतील तर तोही बंद होतो.

इतर अभ्यास : जलपिसवांच्या बाबतीत अशीच शंका पूर्वीच घेतली गेली होती. एकच जाती साऱ्या जगात पसरली आहे, या समजुतीला अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राय यांनी केवळ शरीररचनेच्या बारकाव्यांच्या आधारे १९८२ मध्ये आव्हान दिले. भारतातील अनेक जलपिसवांची नोंद यूरोपातील जातींच्या नावांनी होत आली असल्यामुळे हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. पुण्यात मिळालेल्या मॉइना हेमंती या जलपिसवाच्या नव्या जातीचे वर्णन समीर पाध्ये व बेल्जियमचे आंरी द्युमाँ यांनी २०१४ मध्ये केले. तिला पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचे नाव दिले आहे. त्याच वर्षी डी. सी. रॉजर्स व पाध्ये यांनी पश्चिम घाटातून स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस या जातीचे वर्णन केले. या वंशातील प्राणी कवचहीन असून उताणे पोहतात. दोन्ही जाती प्रथम शरीररचनेवरून ओळखल्या गेल्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

क्रेम्नोकाँकस या लहान गोगलगायींचा वंश फक्त पश्चिम घाटात आढळतो. त्या धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर राहतात, पण त्यांचे आप्त समुद्रकिनाऱ्यावरील खडकांवर राहणारे आहेत. महाराष्ट्रातील जाती एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाल्या होत्या. डी. जी. रीड, एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी २०१३ मध्ये शरीररचना व डीएनए या दोहोंच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास करून कर्नाटकातील नव्या जातींचे वर्णन केले. एकमेकांपासून अलग पडलेल्या कड्यांवर जाती कशा वेगळ्या होत जातात, हे समजण्यास असा अभ्यास उपयोगी पडतो.

मर्यादा : डीएनए बारकोड स्वतः नाव देत नाही. जाणकाराने ओळखलेल्या नमुन्याचा क्रम संग्रहात आधी असेल, तरच तो नाव सुचवितो. भारतीय सूक्ष्म प्राण्यांच्या बाबतीत असे विश्वसनीय क्रम अद्याप थोडे आहेत. चुकीच्या नावाने नोंदलेला एक क्रम पुढील अनेक अभ्यासांत ती चूक पसरवितो. दोन क्रमांत किती टक्के फरक असला म्हणजे जाती वेगळ्या मानाव्या, याची सर्व गटांना लागू पडणारी मर्यादा नाही. कलकणू केवळ मातेकडून येत असल्यामुळे संकराची माहिती त्यांतून मिळत नाही. त्यांतील जीनची निरुपयोगी प्रत कधीकधी कोशिकेंद्रकातील डीएनएत शिरलेली असते व ती वाचली गेल्यास निष्कर्ष चुकतो. वोल्बाकिया हे अनेक संधिपाद प्राण्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्मजंतूही कलकणूंच्या प्रसारावर प्रभाव पाडतात. जलपिसवा व रोटिफेरा यांत नराविना प्रजनन सर्रास होते, तेव्हा जातीची संकराधिष्ठित व्याख्याच तेथे अपुरी पडते. यासाठी एकाहून अधिक जीन, शरीररचना व अधिवास यांचा एकत्रित विचार करणे इष्ट समजले जाते.

महत्त्व व संरक्षण : सूक्ष्म अपृष्ठवंशी प्राणी पाण्यातील शैवले व जंतू खातात आणि माशांच्या पिलांचे अन्न बनतात. मातीतील प्राणी पाचोळ्याचे विघटन घडवून आणतात. काहींचा मानवी आरोग्याशी थेट संबंध असतो. सायक्लॉप्स हा नारूच्या कृमीचा मध्यस्थ आश्रयदाता आहे. महाराष्ट्रातही पूर्वी या रोगाचा उपद्रव होता. पाणी गाळून पिणे व विहिरींची सुधारणा यांसारख्या उपायांनी तो हटला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. मावळातील पठारे त्यांत येत नाहीत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर लोणावळ्याच्या आसपास वसाहती व पर्यटन यांची वाढ झाली. कातळावरील उथळ खळगा ही जमिनीच्या नोंदींत पडीक जागा असते. तो मुरूम टाकून बुजविण्यास एक दिवस पुरतो व त्याबरोबर तळाच्या गाळातील अंड्यांचा संचयही नाहीसा होतो. मोठा प्राणी नामशेष झाल्यास त्याची निदान नोंद राहते. नाव न मिळालेला सूक्ष्म प्राणी गेला तर काय गेले हेही कळत नाही.

भारतीय प्राणिसर्वेक्षण या १९१६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्याजवळ आकुर्डी येथे आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण व नागपूर येथे राज्य मंडळ कार्य करते. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या याच अधिनियमान्वये तयार होतात. त्यांत वृक्ष, पक्षी व औषधी वनस्पती यांच्याबरोबर डबक्यांची व टाक्यांची नोंद झाल्यास सूक्ष्म प्राण्यांच्या भावी पाहणीस निश्चित आधार मिळेल. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, दिनांक, उंची व अधिवास यांची नोंद आणि जतन केलेला साक्षी नमुना असणे, ही या पाहणीची किमान अट आहे. ओळख आज पटली नाही तरी पुढील पिढीतील अभ्यासकाला तो नमुना पुन्हा तपासता येतो.